ग्राफिक्स कार्डाच्या आकड्याशेजारी रिझोल्यूशनही छापावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी ग्राफिक्स कार्डांचा, म्हणजे संगणकावरील खेळांची चित्रे रंगवणाऱ्या भागांचा, एक तुलनात्मक तक्ता प्रसिद्ध झाला होता. त्या तक्त्याचे कात्रण घडी करून खिशात ठेवलेला, नुकताच बारावी झालेला एक मुलगा वडिलांबरोबर माझ्या दुकानात आला आणि तक्त्यातील पहिल्या क्रमांकाचे कार्ड केवढ्याला पडेल, असे त्याने विचारले. सांगलीत संगणक जुळवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी गेली १६ वर्षे करीत आहे आणि अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॉनिटर कोणता आहे?" मुलगा म्हणाला, "काका, मॉनिटर घरी आहेच. मला फक्त कार्ड घ्यायचंय." वडिलांनी मान डोलावली. त्या दोघांच्या मनात कार्डाचा आणि मॉनिटरचा काही संबंध असेल असे आलेच नव्हते आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण ज्या तक्त्यावर विसंबून ते बाजारात उतरले होते त्यातही तो संबंध कुठे दिसत नव्हता.

तक्त्यात प्रत्येक कार्डापुढे 'एफपीएस', म्हणजे दर सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेमची, एकच संख्या दिली होती. ती कोणत्या रिझोल्यूशनवर (पडद्यावरील चित्र किती पिक्सेलांचे, म्हणजे ठिपक्यांचे, आहे) मोजली, खेळाची सेटिंग कोणती होती, अपस्केलिंग (लहान चित्र रंगवून ते मोठे करणे) चालू होते की बंद, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. जमिनीचा भाव सांगावा आणि तो गुंठ्याचा की एकराचा हे सांगू नये, तसे हे झाले. आकडा कदाचित खराच असेल, पण त्यावरून घेणाऱ्याला आपल्या घरासाठी कोणताही निर्णय करता येत नाही. हे पत्र लिहिण्यामागे तक्रारीचा हेतू नाही. आपली पुरवणी जिल्ह्यातील अनेक घरांत जपून ठेवली जाते, तिच्यातील शब्दावर पालक पैसे खर्च करतात, म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटला.

आधी साधे गणित पाहू. सर्वांत प्रचलित असलेल्या फुल एचडी, अर्थात १०८०पी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. १४४०पी पडद्यावर, म्हणजे २५६० बाय १४४० वर, ते ३६,८६,४०० होतात. ४के म्हटल्या जाणाऱ्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ही संख्या ८२,९४,४०० इतकी, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट होते. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन मॉनिटर सारख्याच आकाराचे दिसत असले, तरी एकासाठी कार्डाला दुसऱ्याच्या चौपट ठिपके दर फ्रेमला रंगवावे लागत असतील. त्यात रीफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो हर्ट्झमधील आकडा, मिळवला की हिशोब आणखी बदलतो. १०८०पी आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरला पूर्ण न्याय द्यायचा तर सेकंदाला सुमारे १२.४ कोटी पिक्सेल लागतात. त्याच रिझोल्यूशनच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला सुमारे २९.९ कोटी, ४के ६० हर्ट्झला ४९.८ कोटी आणि १४४०पी १४४ हर्ट्झला ५३.१ कोटी. शेवटचे दोन आकडे मी ग्राहकांना मुद्दाम कागदावर करून दाखवतो, कारण '४के म्हणजे सर्वांत जड' ही समजूत अगदी पक्की असते आणि १४४०पीचा वेगवान मॉनिटर पिक्सेलांच्या हिशोबात त्याहूनही अधिक मागणारा असू शकतो, हे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

मात्र पिक्सेल चौपट झाले म्हणून फ्रेम बरोबर चौथ्या हिश्शावर येतात, असेही नाही, आणि खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते. खेळातील प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसरला काम करावे लागते. पात्रे कोठे आहेत, गोळी कोणाला लागली, भिंत पडली तर तिचे तुकडे कोठे गेले, हे सर्व ठरवून काय काय रंगवायचे याची यादी तो कार्डाच्या हाती देतो. ही यादी करण्याचे काम पडदा लहान असो वा मोठा, जवळजवळ तेवढेच राहते. कार्डाचे काम मात्र पिक्सेलांबरोबर वाढत जाते. म्हणून १०८०पीवर एखादे ताकदवान कार्ड आपला वाटा चटकन उरकून प्रोसेसरकडून पुढची यादी येण्याची वाट पाहत बसते आणि ४केवर तोच प्रोसेसर यादी हातात घेऊन कार्डाची वाट पाहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलेले एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड याचे ठळक उदाहरण. १०८०पीवर अनेक खेळांत ते आपल्याहून स्वस्त कार्डांच्या फारसे पुढे दिसत नाही, आणि ४केवर नेल्यावर त्याच कार्डांना मागे टाकते. एकाच पानावर १०८०पीचा तक्ता छापला तर ते उधळपट्टी वाटेल, ४केचा छापला तर योग्य खरेदी वाटेल. कार्ड तेच आणि दोन्ही तक्ते खरे.

परीक्षण करणारे अनुभवी लोक कार्डाची चाचणी घेताना त्या वेळचा सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात तो यासाठीच. अडथळा प्रोसेसरचा नसावा आणि फरक दिसला तर तो कार्डाचाच असावा, अशी त्यामागची रीत आहे. रीत रास्त आहे. पण आपला वाचक पाच-सहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर तेच कार्ड बसवतो आणि १०८०पीवर परीक्षणातील आकडा मिळाला नाही म्हणून कार्ड खराब निघाले असे समजून माझ्याकडे घेऊन येतो. अशी निर्दोष कार्डे मी कित्येकदा परत त्याच कॅबिनेटमध्ये बसवून दिली आहेत.

आता ज्या उदाहरणासाठी मी हे पत्र प्रामुख्याने लिहीत आहे, त्याकडे वळतो, कारण रिझोल्यूशन न सांगता केलेली तुलना किती दिशाभूल करू शकते हे त्यातून स्पष्ट होते. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० टीआय हे कार्ड आणले. मे २०२३ मध्ये त्याच्या जागी आरटीएक्स ४०६० टीआय आले. नाव नवे, पिढी नवी, विजेचा वापर कमी. १०८०पीवर नवे कार्ड जुन्यापेक्षा थोडे पुढे आहे, हे खरे. पण १४४०पीवर ही आघाडी आक्रसते आणि ४केवर काही खेळांत ती जवळजवळ उरतच नाही. जुने कार्ड बरोबरीला येते, प्रसंगी पुढेही जाते. अडीच वर्षांनी आलेले कार्ड मोठ्या पडद्यावर आपल्या पूर्वजाला मागे टाकू शकत नाही याचे कारण आतल्या रचनेत आहे. ३०६० टीआयमध्ये मेमरीकडे जाणारा मार्ग २५६ बिट रुंदीचा आहे आणि त्यातून सेकंदाला ४४८ जीबी माहिती वाहू शकते. ४०६० टीआयमध्ये तो १२८ बिटांचा केला गेला आणि वहनक्षमता २८८ जीबीवर आली. त्याची भरपाई म्हणून चिपच्या आतच असलेली एल२ कॅश ४ एमबीवरून ३२ एमबीपर्यंत वाढवण्यात आली.

कॅश म्हणजे काय, हे मी दुकानात मिसळणाच्या डब्यावरून सांगतो. घरातल्या चार माणसांच्या स्वयंपाकाला हाताशी असलेला मिसळणाचा डबा पुरतो. तिखट, हळद, मोहरीसाठी दर वेळी कोठीत जावे लागत नाही, म्हणून काम भराभर होते. डबा मोठा केला तर आणखी सोयीचे. पण त्याच ओट्यावर चारशे पानांच्या पंगतीचा स्वयंपाक मांडला, तर डबा कितीही मोठा असला तरी घटकेत रिकामा होतो आणि मग कोठीत सतत ये-जा सुरू होते. त्या वेळी कोठीचा दरवाजा किती रुंद आहे, यावरच सगळे अवलंबून राहते. ४०६० टीआयचा डबा मोठा आहे, दरवाजा अरुंद आहे. १०८०पी हा चार माणसांचा स्वयंपाक आहे आणि ४के ही पंगत. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या २०२०च्या अखेरीपासूनच्या कार्डांतील 'इन्फिनिटी कॅश' याच तत्त्वावर चालते आणि रिझोल्यूशन वाढत गेले की हवी ती माहिती कॅशमध्ये सापडण्याचे प्रमाण तिथेही घटत जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये आरएक्स ६६०० एक्सटी आणताना एएमडीने ते १०८०पीसाठीचे कार्ड म्हणूनच मांडले होते. त्या कार्डात ही कॅश ३२ एमबी होती, तर त्याच पिढीतील आरएक्स ६८०० एक्सटीमध्ये १२८ एमबी. कंपनीने स्वतः रिझोल्यूशनचे नाव घेऊन सांगितलेली गोष्ट आपण तक्ता करताना गाळून टाकावी, हे मला पटत नाही.

मेमरीच्या आकाराबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण बाजारात 'किती जीबीचे कार्ड?' हा एकच प्रश्न विचारून व्यवहार ठरतात. ४के पडद्याचे एक संपूर्ण चित्र साठवायला जेमतेम ३३ एमबी लागतात. त्यामुळे पडदा मोठा झाला एवढ्याने मेमरी भरते असे नाही. ती भरते वस्तूंच्या पृष्ठभागांची बारीक चित्रे, म्हणजे टेक्श्चर, सावल्या, प्रकाशाची आकडेमोड आणि फ्रेम तयार होताना लागणारे अनेक मधले टप्पे यांनी. मोठ्या पडद्यावर माणूस टेक्श्चर वरच्या दर्जाचे निवडतो आणि ते मधले टप्पेही पिक्सेलांच्या प्रमाणात फुगतात. कार्डाची ८ जीबी मेमरी अपुरी पडली की उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावी लागते आणि ती कार्ड आणि संगणक यांना जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाने आणावी लागते. ४०६० टीआय या मार्गाच्या आठच लेन वापरते. नव्या मदरबोर्डावर त्यांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी येऊ शकतात, पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डावर त्याच्या निम्मे. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा २८८चा आकडा यापुढे ठेवून पाहिला, म्हणजे खेळ मधेच का अडखळतो ते वेगळे सांगावे लागत नाही. हेच ४०६० टीआय जुलै २०२३ मध्ये १६ जीबीचेही आले, पण दरवाजा तोच अरुंद राहिला. म्हणजे अडखळणे थांबले, मूळ वेग वाढला नाही. नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचा प्रकारही घडतो : आरटीएक्स ३०६० हे मूळचे १२ जीबी आणि १९२ बिटांचे कार्ड, पण पुढे त्याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटांचे कार्ड विकले गेले आणि त्याची वहनक्षमता ३६० जीबीवरून २४० वर आली. बिलावर दोन्ही ३०६०च.

हे अडखळणे सरासरी एफपीएसमध्ये लपून जाते, म्हणून तक्त्यातील एका संख्येवर माझा दुसरा आक्षेप आहे. समजा, एका सेकंदात ६० फ्रेम तयार झाल्या. त्यांतील ५८ फ्रेमना प्रत्येकी १४ मिलिसेकंद लागले आणि उरलेल्या दोन फ्रेमना प्रत्येकी ९४. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद होते आणि सरासरी ६० एफपीएस छापली जाते. जे कार्ड प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत सुरळीत देते, त्याचीही सरासरी ६०च छापली जाते. खेळणाऱ्याला मात्र पहिल्या कार्डावर दर सेकंदाला दोन धक्के जाणवतात आणि दुसऱ्यावर एकही नाही. म्हणूनच जाणकार परीक्षणांत 'वन परसेंट लो' नावाचा वेगळा आकडा देतात. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग काय होता, हे त्यातून कळते. १०८०पीवर ८ आणि १६ जीबीच्या कार्डांचा हा आकडा पुष्कळ खेळांत सारखाच असतो. ४केवर तो दुभंगतो.

मिरजेतील एका तरुणाचा अनुभव येथे सांगतो. त्याने दुसऱ्या शहरातून ३२ इंची ४के मॉनिटर आणि १२८ बिटांचे ८ जीबीचे कार्ड एकत्र घेतले. विक्रेत्याने त्याला एकच आलेख दाखवला होता आणि तो १०८०पीचा होता. घरी आल्यावर खेळ झटके देऊ लागला, माउस ओढल्यासारखा वाटू लागला. माझ्याकडे संगणक आणल्यावर पहिल्यांदा आढळले ते हे की जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल तशीच लावल्यामुळे ४के पडदा ३० हर्ट्झवरच चालत होता. केबल बदलल्यावर ६० मिळाले. तेवढ्याने माउस सुधारला, पण खेळातले झटके गेले नाहीत. शेवटी टेक्श्चर एक पायरी खाली आणून आणि अपस्केलिंग लावून खेळ आतून १४४०पीवर चालवला, तेव्हा तो खेळण्याजोगा झाला. तो मुलगा निघताना म्हणाला, "म्हणजे ४केचे पैसे दिले आणि १४४०पी खेळतोय." त्याच्या या बोलण्याचे मला वाईट वाटले. त्याने दोन वर्षे पगारातून थोडे थोडे बाजूला काढून तो संगणक घेतला होता.

अपस्केलिंगचा उल्लेख आला आहे तर त्याबद्दलची दिशाभूलही नोंदवतो. एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही तंत्रे लहान चित्र तयार करून ते मोठ्या पडद्यासाठी हुशारीने वाढवतात. ती वाईट आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. मिरजेच्या तरुणाचा खेळ त्यांच्यामुळेच चालला. ४केवर 'क्वालिटी' ही सेटिंग निवडली तर कार्ड प्रत्यक्षात २५६० बाय १४४० चे चित्र रंगवते आणि वाढवल्यानंतरही ते बहुधा चांगले दिसते. 'परफॉर्मन्स' निवडली तर १९२० बाय १०८० चे. पण १०८०पीच्या मॉनिटरवर तीच 'क्वालिटी' सेटिंग लावल्यास मूळ चित्र १२८० बाय ७२० चेच उरते. वाढवायला हाताशी ठिपकेच थोडे असल्याने बारीक तारा, दूरची झाडी, हलती पाने मऊ आणि पुसट होतात. म्हणजे अपस्केलिंगचा उपयोगही रिझोल्यूशननुसार बदलतो. आणि जाहिरातीत याचा वापर कसा होतो, ते पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०९० हे ८केवर खेळता येणारे कार्ड म्हणून गाजवले गेले. ८के म्हणजे ३,३१,७७,६०० पिक्सेल. त्यासाठी पुढे केलेली डीएलएसएसची 'अल्ट्रा परफॉर्मन्स' सेटिंग प्रत्यक्षात २५६० बाय १४४० चे, म्हणजे नवव्या हिश्शाचे, चित्र रंगवून ते वाढवत होती. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगास येथे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९०इतकी कामगिरी देईल असे जाहीर केले. त्या दाव्यामागे एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत कृत्रिम फ्रेम घालणारे तंत्र होते. आपण कळ दाबल्याची दखल खेळ खऱ्या फ्रेमच्या वेळीच घेतो. मधल्या कृत्रिम फ्रेममुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण हाताला प्रतिसाद त्या गतीने मिळत नाही. शिवाय ५०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि ४०९० मध्ये २४. अशा आकड्यांना आणि मूळ रिझोल्यूशनवर मोजलेल्या आकड्यांना एकाच रकान्यात बसवणे मला अयोग्य वाटते.

मी स्वतः विक्रेता आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात स्वार्थ शोधला जाणे स्वाभाविक आहे. तरीही माझे मत स्पष्ट लिहितो : आधी मॉनिटर ठरवावा, मग कार्ड. मी पाहिले आहे की चांगला मॉनिटर एका घरात दोन-तीन कार्डे पाहून जातो. २४ इंची मॉनिटरला १०८०पी पुरते. तिथे एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल येतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर ताणले की ही संख्या ८२ वर येते आणि अक्षरांच्या कडा डोळ्यांना खुपू लागतात. २७ इंची १४४०पीवर ती १०९ होते आणि माझ्या मते खेळ, अभ्यास आणि घरचे काम या तिन्हींसाठी आजचा सर्वांत समाधानकारक पडदा हाच आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धेचे खेळ खेळणाऱ्याला मात्र मी पिक्सेल वाढवण्यापेक्षा हर्ट्झ वाढवायला सांगतो. असे खेळ मध्यम कार्डावरही पुष्कळ फ्रेम देतात, त्यांत बहुधा प्रोसेसरच कमी पडतो, आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर जोडलेला असेल तर २०० एफपीएसपैकी ६० पूर्ण चित्रेच डोळ्यांपर्यंत पोहोचतात. सायबरपंक २०७७ सारखा जड, प्रकाशाच्या किरणांची आकडेमोड करणारा खेळ ज्याला सर्व सेटिंग वर ठेवून पाहायचा आहे, त्याची गोष्ट निराळी. तिथे १४४०पीवरसुद्धा मध्यम कार्डे दमतात. अडॅप्टिव्ह सिंक असलेला मॉनिटर घेतला तर ५०-५५ एफपीएसही बरेच सुसह्य होतात, कारण पडदा कार्डाच्या गतीशी जुळवून घेतो.

येथे मराठी वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. देवनागरीत रफार, उकार, जोडाक्षरे आणि अनुस्वार यांमुळे एका अक्षराच्या जागेत रोमन लिपीपेक्षा पुष्कळ अधिक बारकावे असतात. २७ इंची ४के पडद्यावर इंचाला सुमारे १६३ पिक्सेल मिळतात आणि 'द्ध' व 'ध्द' यांतील फरक लहान आकारातही एका दृष्टिक्षेपात कळतो. डीटीपी करणारे, मुद्रितशोधन करणारे, दिवसभर मराठी मजकूर वाचणारे यांनी ४के मॉनिटर जरूर घ्यावा, आणि त्यासाठी त्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा लागतच नाही; गेल्या काही वर्षांतील प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स योग्य पोर्ट आणि केबल असल्यास ४के ६० हर्ट्झ सहज चालवते. मजकुरासाठी पिक्सेल दाखवणे आणि खेळासाठी ते दर फ्रेमला नव्याने रंगवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक न कळल्याने एका डीटीपी चालकाला ४केसाठी महागडे कार्ड घ्यायला लावल्याचे मी पाहिले आहे.

ज्यांच्याकडे आधीच कार्ड आहे त्यांनी खर्च करण्यापूर्वी घरीच दोन प्रयोग करून पाहावेत. खेळाचे रिझोल्यूशन ७२०पीपर्यंत खाली आणावे. एफपीएस लक्षणीय वाढले तर अडथळा कार्डाचा आहे. जवळजवळ तेवढेच राहिले तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि नव्या कार्डाने काहीच सुधारणार नाही. दुसरा प्रयोग उलट दिशेचा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डीएसआर आणि एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये व्हीएसआर नावाची सोय आहे. ती चालू केली की १०८०पीच्या मॉनिटरवरही कार्डाला १४४०पी किंवा ४केचे चित्र रंगवायला लावता येते. पडद्यावर दिसणारे चित्र शेवटी लहान केलेलेच असते, पण कार्डावर पडणारा भार जवळपास खरा असतो. नवा मॉनिटर घेतल्यावर आपले कार्ड काय करील, हे त्यामुळे एक रुपयाही न घालवता समजते. इतकी उपयुक्त सोय सर्वांच्या संगणकात पडून आहे आणि ती ठाऊक असलेले ग्राहक मला महिन्यातून एखादाच भेटतो.

त्या कात्रणवाल्या मुलाच्या घरचा मॉनिटर २२ इंची, १०८०पी आणि ६० हर्ट्झचा होता. त्याला हवे असलेले कार्ड त्यावर बसवले असते तर त्याची बहुतेक ताकद कधीच पडद्यावर आली नसती. तासाभराच्या बोलण्यानंतर वडिलांनी २७ इंची १४४०पी मॉनिटर आणि त्याला साजेसे मधल्या फळीतील कार्ड घेतले. दोन्हींची मिळून रक्कम त्या पहिल्या कार्डापेक्षा कमी भरली.

संपादक महोदय, आपल्याला माझी विनंती एवढीच की यापुढे असा तक्ता छापताना प्रत्येक कार्डाचे आकडे १०८०पी, १४४०पी आणि ४के अशा तिन्ही रिझोल्यूशनचे वेगवेगळे द्यावेत. ते मूळ रिझोल्यूशनवर, अपस्केलिंग आणि कृत्रिम फ्रेम बंद ठेवून मोजलेले असावेत. सरासरीबरोबर 'वन परसेंट लो' द्यावा. आणि चाचणीला कोणता प्रोसेसर होता व कार्डाची मेमरी किती जीबीची होती, हे तक्त्याखाली एका ओळीत लिहावे. जागेची अडचण मी समजू शकतो. पंधरा कार्डांऐवजी सहाच कार्डे दिली तरी चालतील. तो मुलगा कात्रण माझ्या टेबलावरच विसरून गेला. त्यावर पेन्सिलीने नवे रकाने आखून ते या पत्रासोबत पाठवीत आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली